तळहातावरचं प्रकाशशास्त्र

मी खोटं बोलत होते, तेव्हा त्याने मला पहिल्यांदा पाहिलं.

दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर आमचा टेबलफॅन होता आणि काउंटरच्या अलीकडे मी आणि बाबा. त्याच पंख्याची ती तिसरी खेप. बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही, आईलाही नाही. दोघांच्या वतीने जगाशी बोलायचं काम चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. बाबांनी दुकानदाराकडे बोट दाखवलं, दोन्ही हात डोक्यापाशी नेऊन गाढवाचे कान हलवले आणि पुढे बरंच काही सांगितलं. त्यात दुकानदाराचे वडील आले, आजोबा आले, सगळं खानदान आलं.

"बाबा म्हणतायत," मी म्हणाले, "जमलं तर आजच बघता का? उकाडा फार आहे."

"का नाही काका, बसा ना!" दुकानदार पार विरघळला.

मागे कोणीतरी हसलं. मोठ्याने, बेताल... आपलं हसू बाहेर किती ऐकू जातं याचा अंदाज नसलेलं हसू. असं हसू मी घरी रोज ऐकते. वळून पाहिलं, तर दारात एक उंच मुलगा. बाहेरच्या भुरभुर पावसाने केस ओले, एक भुवई मधोमध तुटलेली, काखेत जड ट्रान्सफॉर्मर. त्याने तो खाली ठेवला, हात मोकळे केले, आणि –

"तुम्ही खोटारड्या आहात," तो हातांनी म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत मी काय बोलले?"

त्याने माझ्या ओठांकडे बोट केलं. "वाचले."

"दुसऱ्याचं बोलणं असं चोरून वाचू नये."

"मग ओठ इतके स्पष्ट हलवू नयेत."

बाबांना भलताच आनंद झाला. कोण, कुठला, आईवडील ऐकणारे की आपल्यातले, सगळी चौकशी झाली. आईवडील आपल्यातलेच निघाले. काय करतोस म्हटल्यावर त्याने एकेक अक्षर बोटांवर मांडलं: फि-जि-क्स.

"म्हणजे पंखा येतो दुरुस्त करता?" बाबांनी विचारलं.

तो येत होता. दुकानदार आत चहा सांगायला गेला तेवढ्यात त्याने पंखा उघडला, एक जळका कपॅसिटर काढून बाबांच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून तुटकी भुवई वर केली. मला हसू आवरेना. मग मी ओठ चावला. ते माझ्याकडून सवयीने होतं.

पुढच्या सोमवारी मी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात दुभाषी म्हणून रुजू झाले, तर समोर तोच. विभागाच्या इतिहासातला पहिला कर्णबधिर विद्यार्थी, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आधीचा दुभाषी सोडून गेला होता. मला पाहून तो विभागप्रमुख बाईंना हातांनी काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"भेटून आनंद झाला म्हणतोय."

तो म्हणाला होता: ही खोटं बोलते. हिलाच ठेवा.

त्या दिवशी मी एका कागदावर सही केली. उमेदवाराशी माझं कोणतंही वैयक्तिक नातं नाही आणि त्याच्या उत्तरांत मी काही भर घालणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझं स्वतःचं शिक्षण काय, असा रकाना त्या कागदात नव्हता. मी फिजिक्सची पदवी घेतली होती. पुढेही शिकायचं होतं, पण आमच्या घरात कान एकाच माणसाला होते.

आमच्या भाषेत भांडणाला खूण आहे, पोलिसाला आहे, जावयाला आहे, पोटदुखीला तर चार आहेत. प्रकाशाच्या दोन लहरींपैकी एक दुसरीच्या किती मागे आहे, त्या 'कलांतरा'ला मात्र खूण नाही. त्या शब्दाची गरज पडेल अशा खोलीपर्यंत आजवर आमच्यातलं कोणी पोचलंच नव्हतं. त्यामुळे पहिला महिना असा गेला: प्राध्यापक एक वाक्य बोलायचे, त्यात तीन शब्द बिनखुणेचे. ते मी बोटांवर अक्षर-अक्षर मांडायचे. तोवर प्राध्यापक पुढच्या फळ्यावर.

"तुझ्या बोटांना पगारवाढ द्यायला हवी," तो म्हणाला.

"आणि तुझ्या डोळ्यांना चष्मा. तीनदा सांगितलं, विवर्तनात 'व' दोनदा येतो."

"दुसऱ्यांदा मी 'व' पाहत नव्हतो."

"मग काय पाहत होतास?"

तो पुस्तकात डोकं घालून बसला. पुस्तक उलटं होतं, असं मी म्हणणार नाही. पण पान चुकीचं होतं.

खरी अडचण अंधाऱ्या खोलीत आली. प्रकाशाचे प्रयोग तिथे व्हायचे. खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात खोक्याने झाकलेला सोडियमचा दिवा, सूक्ष्मदर्शकाखाली काच.

"दिवे घालवले की तुमचं काम संपलं," प्रयोगशाळेतले सर मला म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. "अंधारात दुभाषी काय करणार? बाहेर बसा, पंखा आहे."

मी बाहेर बसले. बाकीचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सरांचं ऐकत होते. त्याला दोन्हींतलं एकच करता येत होतं. सर बोलत होते तेव्हा तो अंधारात उभा होता आणि सर गप्प झाल्यावर त्याला काय पाहायचं ते माहीत नव्हतं. तासभराने बाहेर आला तेव्हा त्याच्या वहीचं पान कोरं.

"काय दिसलं?"

"पिवळा अंधार," तो म्हणाला.

लहानपणी वीज गेली की आई माझ्या तळहातात बोलायची. पुढच्या आठवड्यात मी सरांना न विचारता आत गेले, दार लावलं आणि अंधारात त्याचा डावा हात शोधून माझ्या हातात घेतला. तो दचकला. मी त्याच्या तळहातावर लिहिलं – डोळा लाव.

त्याने डोळा लावला. सर सांगत होते, मी त्याच्या तळहातावर सांगत होते. मध्याकडे बघ, काळा ठिपका. त्याच्याभोवती वलयं, पिवळं, काळं, पिवळं. आता स्क्रू फिरव. हळू. वलयं आत ओढली जातायत... मोज. त्याच्या हाताला घाम आला होता. सत्ताविसाव्या वलयाला त्याची बोटं माझ्या बोटांवर मिटली आणि तशीच राहिली.

"मोजणं चुकलं?" मी अंगठ्याने विचारलं.

"नाही," त्याने माझ्या तळहातावर लिहिलं. "पहिल्यांदाच मला एकाच वेळी दिसलं आणि ऐकू आलं."

दिवे लागले तेव्हा आम्ही हात सोडवले, जरा उशिराच. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू लाल स्वेटर घातलायस. त्या दिव्यात तो काळा दिसत होता."

"सोडियमच्या उजेडात लाल काळंच दिसतं."

"ते मला माहीत आहे. मी फिजिक्स सांगत नव्हतो."

तिथून खुणा जन्माला येऊ लागल्या. कलांतरासाठी आधी दोन्ही हातांच्या लहरी करायच्या, एक थोडी मागे. मग कंटाळून एकाच हाताची. महिन्याभरात नुसती करंगळी जराशी मागे ओढली की झालं. एकाच लयीत चालणाऱ्या, सुसंगत प्रकाशासाठी दोन बोटं एकत्र, भिंगासाठी डोळा किलकिला. हे सगळं जेवणाच्या सुट्टीत, जिन्यावर, विभागाच्या मागच्या गळक्या पत्र्याखाली व्हायचं.

"पावसाचा आवाज कसा असतो ते मला सांगू नकोस," त्या पत्र्याखाली तो एकदा म्हणाला. "भेटणारी प्रत्येक मुलगी तेच सांगते."

"प्रत्येक? किती भेटल्या?"

"दोन." जरा थांबून, "त्यातली एक मावशी होती."

"मी सांगणारच नव्हते. मला तर पावसाचा आवाज आवडतही नाही. चष्म्यावर पाणी पडतं."

"चष्म्याचा आणि आवाजाचा काय संबंध?"

"काही नाही. मला बोलत राहायचं होतं."

असं मी म्हटलं खरं, आणि मग ओठ चावला. त्याने तोच ओठ चावण्याचा चाळा उचलला आणि त्या दिवसापासून ती माझ्या नावाची खूण झाली. आमच्यात नावं अशी पडतात. एकाने पाहावं आणि दुसऱ्याने ती ठेवून घ्यावी.

एकसष्ट खुणा झाल्या. सुरुवातीला त्या मोठ्या, कोणालाही दाखवता येतील अशा होत्या. मग लहान होत गेल्या. रोज एकमेकांशीच बोलणाऱ्या माणसांचं बोलणं अर्धवट होत जातं, तसं झालं. शेवटी नुसती बोटाची हालचाल, भुवईची हालचाल... बाबा एकदा आम्हाला बघून म्हणाले, "हे काय चाललंय? मला अर्धंही कळत नाही. तुम्ही बोलताय का खाजवताय?"

आम्ही दोघं खूप हसलो.

याच सुमाराला एका कर्णबधिरांच्या शाळेतल्या बाईंचं पत्र आलं होतं. त्यांच्या नववीतल्या मुलींना विज्ञान घ्यायचं आहे. तुम्ही प्रकाशाच्या खुणा केल्यात असं ऐकलं, त्या कागदावर किंवा फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? महिन्याने दुसरं पत्र आलं. मी त्याला दोन्ही दाखवली.

"पाठवू," तो म्हणाला. "पण पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणाले.

कारण एकदा पाठवल्या की त्या सगळ्यांच्या होणार होत्या. हे आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, आणि चूक नेमकी तीच होती.

त्या वर्षी विद्यापीठात एक योजना आली. ज्या गटांतून विज्ञानात कोणी येतच नाही, त्यांच्यासाठी संशोधनाची एक जागा. एकच, आणि प्रयोग म्हणून. सूचनाफलकापाशी तो इतका वेळ उभा राहिला की लोक त्याच्या बगलेखालून वाचू लागले.

"मिळेल?" त्याने मला विचारलं.

"तुला नाही मिळाली तर कोणाला मिळेल?"

"तसं नको. खरं सांग. तू माझ्याशी खोटं बोलत नाहीस."

"मिळेल," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

मुलाखत वीस मिनिटांची. टेबलामागे चौघं: विभागप्रमुख बाई, विभागातले दोन प्राध्यापक आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञांनी विचारलं, दोन फटींतून प्रकाश येतोय, समोर पडद्यावर पट्टे आहेत. त्यातल्या एका फटीवर पातळ काच ठेवली तर? त्याचे हात उठले आणि मी बोलू लागले. काचेतून प्रकाश मागे पडतो, सगळे पट्टे काचेच्या बाजूला सरकतात. किती, ते एकरंगी प्रकाशात नेमकं कळत नाही कारण सगळे पट्टे सारखेच. म्हणून पांढरा प्रकाश घ्यायचा आणि मधला पांढरा पट्टा कुठे गेला ते शोधायचं. त्याच्या करंगळीची एक हालचाल म्हणजे माझं एक अख्खं वाक्य होत होतं. वीस मिनिटांत अकरा प्रश्न झाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग तज्ज्ञांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमचं स्वतःचं शिक्षण?"

मी तो प्रश्न त्याला खुणेने सांगितला, कारण खोलीत बोललेलं सगळं सांगायचं असतं. मग उत्तर दिलं, "बी.एस्सी. फिजिक्स."

"क्लास?"

"पहिला."

तो नमस्कार करून दाराकडे वळला, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हात इतके थोडे हलले," ते शांतपणे म्हणाले, "आणि वाक्यं इतकी लांब आली. मॅडम, तुमच्यावर आरोप नाही करत. पण उद्या कोणी विचारलं, तर आम्ही काय सांगायचं?"

जिन्यावर तो दोन-दोन पायऱ्या उतरत होता. त्याला ना ते टोपण दिसलं होतं, ना त्यांचे ओठ. मधल्या वळणावर थांबला, मागे फिरला. मी त्याच्या एक पायरी वर होते, त्यामुळे आमचे डोळे समोरासमोर आले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. आमच्या बोटभर खुणांपैकी एकही न वापरता म्हणाला. सगळ्यांना येते ती साधी खूण, दोन्ही हात छातीशी. "अकराव्या प्रश्नाला सांगणार होतो. पण मग तुला ते मोठ्याने त्या चौघांना सांगावं लागलं असतं."

मला हसू आलं आणि रडूही.

"तीन दिवस थांब," मी म्हणाले. "निकाल लागू दे. मी सही केलीय."

"पुसता येत नाही?"

"शाईची आहे."

"बरं," तो म्हणाला. "मी तीन दिवस डोळे मिटून बसतो. मग तू सांग."

तिसऱ्या दिवशी निकाल आला नाही, पत्र आलं. उमेदवाराची पुन्हा मुलाखत होईल. दुभाषी वेगळा असेल, विज्ञानाचं शिक्षण नसलेला. निःपक्षपातासाठी त्या दोघांनी आधी भेटू नये. वेळ सगळ्यांना समान, म्हणजे वीस मिनिटं.

"मी नव्या दुभाष्याला खुणा शिकवते ना," मी बाईंच्या टेबलावर वाकून म्हणाले. "फक्त एक दिवस द्या. एकसष्टच आहेत."

"लिहिलेल्या आहेत?" बाईंनी विचारलं. "कुठे नोंदवलेल्या, कोणाला पाठवलेल्या? एखादा कागद असेल तर मी समितीपुढे ठेवते. अधिकृत शब्दसंग्रह म्हणून नव्या दुभाष्याला देता येईल."

शाळेच्या बाईंची दोन पत्रं माझ्या पिशवीत होती. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो अक्षरं मांडण्याचा सराव करत राहिला. वि-व-र्त-न. सु-सं-ग-त. त्याची बोटं वेगवान होती, पण वाक्याच्या मध्येच करंगळी मागे सरकायची. वर्षभराची सवय. तो चिडून एका हाताने दुसऱ्याची करंगळी दाबून धरायचा.

नव्या दुभाषी म्हणजे एक काकू होत्या, इस्पितळात आणि कोर्टात दुभाष्याचं काम करणाऱ्या. प्रेमळ बाई. आत जाण्याआधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रक्तदाब येतो, जामीन येतो, पुढची तारीख येते. हे तुमचं मला कुठून येणार गं?"

दार बंद झालं. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मी समोरच्या बाकावर बसले.

आवाज येत नव्हता. मला त्याचे हात दिसत होते आणि तेवढं पुरे होतं. काकूंच्या अक्षरांवरून प्रश्न कळला: आकाशात एक तारा दिसतो. तो एक आहे की जवळजवळचे दोन, हे त्याच्या प्रकाशावरून कसं ओळखाल? त्याने सुरुवात अक्षरांनी केली. ता-रा. काकूंनी मान हलवली. प-ट्टे. मान हलवली. मग प्रश्न त्याला इतका आवडला, की तो अक्षरं विसरला.

मी त्याला इतकं सुंदर बोलताना कधी पाहिलं नव्हतं. तो सांगत होता, दोन आरसे घ्या, दोन्हींवर ताऱ्याचा प्रकाश घ्या, एकत्र आणा, पट्टे दिसतील. आता आरसे एकमेकांपासून दूर नेत जा. तारा खरंच एक असेल तर पट्टे राहतात. दोन असतील तर प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, आणि एका ठरावीक अंतरावर एकाचे उजळ पट्टे दुसऱ्याच्या काळ्या पट्ट्यांवर येऊन पडतात... आणि सगळं पुसलं जातं. पट्टे नाहीसे झाले की समजायचं, तिथे दोघं आहेत. आणि तेवढ्या अंतरावरून हेही काढता येतं, की दोघं एकमेकांपासून किती लांब आहेत. करंगळी, भुवई, दोन बोटं, किलकिला डोळा. सगळं बरोबर. पुस्तकापेक्षा चांगलं.

काकूंचे हात वर राहिले आणि थांबले. त्या टेबलाकडे वळून काहीतरी म्हणाल्या. त्यांचे ओठ मलाही वाचता येतात: "मला या खुणा माहीत नाहीत."

त्याने पुन्हा सुरुवात केली. अक्षर-अक्षर. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. मी उठले, दाराच्या मुठीवर हात ठेवला. दार उघडलं असतं तर मला पाच वाक्यं लागली असती. आणि पहिल्याच वाक्याला तज्ज्ञांचं म्हणणं खरं ठरलं असतं, की उत्तरं हीच देते.

त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. अगदी जराशी मान हलवली. नको.

मी मूठ सोडली आणि पुन्हा बाकावर बसले. वीस मिनिटांत अडीच प्रश्न झाले.

सूचनाफलकावर दोन ओळी लागल्या. 'या गटातून योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही. प्रायोगिक योजना पुढील वर्षी चालू ठेवण्याची शिफारस नाही.' बाईंनी स्वतः मला बोलावून अपील करायला सांगितलं. ते मी लिहिलं, नऊ पानं. त्यासोबत तोच जुना कागद पुन्हा भरायचा होता: उमेदवाराशी माझं कोणतंही वैयक्तिक नातं नाही. या वेळी ते खोटं होतं. मी सही केली. आता निदान अपिलाचं उत्तर येईपर्यंत माझ्या तोंडून काही निघता कामा नये, असं ठरवलं. कोणी पाहिलं असतं, कोणी लिहून पाठवलं असतं, तर नऊ पानं रद्दीत गेली असती.

तो थांबला. त्याने विचारलं नाही. आम्ही भेटायचो, चहा प्यायचो, बाबांच्या गोष्टी बोलायचो. फिजिक्स बोलायचो नाही. एकदा चहाच्या कपावर खिडकीचा उजेड पडून आत एक वाकडी चकचकीत रेघ उमटली. पूर्वी त्याने त्यावर पाऊण तास घेतला असता. त्याने कप फिरवून ठेवला.

सहा आठवड्यांनी अपील फेटाळलं. त्या नऊ पानांना दोन ओळींचं उत्तर.

मी खुणा लिहून काढल्या, एकसष्टच्या एकसष्ट, मोठ्या, पहिल्या रूपात, आणि शाळेच्या बाईंना पाठवल्या. त्यांचं उत्तर आठवड्याने आलं. यंदा विज्ञानाचा वर्ग सुरू झाला नाही. मुलींची तयारी होती. पण पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, तो विद्यापीठातला मुलगा एवढा शिकला, त्याचं काय झालं? बाईंना उत्तर देता आलं नाही.

त्याचं काय झालं, तर त्याला खाडीपलीकडच्या शहरात चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात काम मिळालं. मशीनचा आवाज तिथे इतका असतो, की ऐकणारी माणसं टिकत नाहीत. मालकाला आमच्यातलीच हवी असतात.

"आमच्या वेळी," बाबा म्हणाले, "सरळ वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगला पाठवायचे. तुमच्या वेळी आधी फिजिक्स शिकवतात, मग पाठवतात." आणि त्यांनी त्याला स्वतः बांधलेली एक कोरी वही दिली. त्याने ती हळूच टेबलावर परत ठेवली. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लाँच सकाळी साडेनऊची होती. धक्क्यावर गर्दी, पिशव्या, सायकली, डिझेलचा वास. ऊन होतं. मी ठरवून आले होते. आता कुठलाही कागद बाकी नव्हता, समिती नव्हती, काही नव्हतं. आज सांगायचंच.

पण आधी तो बोलला.

"मला पत्र पाठवू नकोस. फोनही नको. निदान वर्षभर."

"का?"

"तुझा राग नाही." त्याने शब्द शोधले. त्याला शब्द शोधताना मी क्वचितच पाहिलं होतं. "जगात मी फिजिक्स फक्त तुझ्याशी बोललोय. बाकी कोणाच्या हातांत ते नाही. कारखान्यात नाही, घरी नाही. तुझे हात दिसले, की ते सगळं परत येतं. मला ते विसरायचंय. तू समोर असताना विसरता येत नाही."

"विसरू नकोस," मी म्हणाले. "पुन्हा अर्ज करू. दुसरीकडे. आता खुणा लिहिलेल्या आहेत –"

"ऐक ना," तो म्हणाला. त्याची ही आवडती थट्टा होती, पण या वेळी तो हसत नव्हता. "मी थकलोय."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. आता सांग, आता. पण आता सांगणं म्हणजे त्याला तेच सगळं पुन्हा उचलायला लावणं, असं मला वाटलं. त्या एका क्षणात मला कळेना, की मला तो हवा आहे की त्याला त्या खोलीत परत पाठवायचंय. मी अडखळले. हात वर आले आणि तसेच राहिले.

त्याने वाट पाहिली. बरीच. मग दोन्ही हात खिशात घातले. आमच्यात हे तोंड मिटण्यासारखं आहे. पिशवी खांद्याला लावून तो फळीवरून लाँचवर गेला, पुढच्या टोकाला, पलीकडच्या किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

दोर सुटला. लाँच आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसू लागली. हातभर, मग दोन हात.

तेव्हा मी ते म्हणाले. दोन्ही हात छातीशी, सगळ्यांना येते ती साधी खूण. एकदा, दोनदा, मग हात पसरून, लांबून दिसावी म्हणून जमेल तेवढी मोठी. शेजारच्या बाईने पिशवी बाजूला घेतली. त्याची पाठ माझ्याकडे होती.

मग मी ती गोष्ट केली, जी माझ्या घरात कोणी कधी करत नाही. त्याचं नाव घेऊन ओरडले. ते नाव हजेरीत होतं, मुलाखतीच्या पत्रावर होतं, अपिलाच्या नऊ पानांवर होतं. तोंडाने त्याला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती, त्याच्या आईनेसुद्धा. मी पुन्हा ओरडले, गळा फाटेपर्यंत, पुन्हा.

धक्क्यावरच्या सगळ्या माणसांनी वळून पाहिलं. लाँचवरच्याही काहींनी मान फिरवली. तो तेवढा पाण्याकडे पाहत उभा होता.